डॅशबोर्डातलं पाचवं भोक

गाडी अजून वीतभरही चालली नव्हती, पण लोक त्याला कारखानदार म्हणायला लागले होते, आणि तो ते कौतुक समजून मिरवत होता. टोमणा ओळखायला जे काही लागतं ते त्याच्यात घालायचं राहूनच गेलं होतं. "काय कारखानदार, कधी निघणार गाडी?" असं कुणी रस्त्यात विचारलं की तो थांबायचा, चष्मा पुसायचा आणि अगदी मनापासून सांगायचा, "आता फिनिशिंग चालू आहे." हे फिनिशिंग गाडीचा सांगाडा उभा राहायच्या आधीपासून चालू होतं.

त्याचा धंदा फोटो स्टुडिओचा. बाजाराच्या तोंडाशी एक साधी खोली, निळा पडदा, दोन छत्र्यांचे दिवे आणि एक फिरतं स्टूल. "हनुवटी खाली, खांदे सैल, लाइटकडे बघा." दिवसातून कितीदा म्हणायचा, देव जाणे. फोटो काढण्यात तो साधारणच होता. त्याची खरी करामत त्यानंतर. कुणाचा मस, कुणाची दुहेरी हनुवटी, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं तो पुसून टाकी. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी आपलाच फोटो हातात घेऊन विचारलं होतं, "ही कोण?" त्यावर हा म्हणाला, "आजी, माणूस जसा आहे तसाच दिसायचा असेल तर फोटो कशाला काढायचा? आरसा काय कमी आहे?" घरी येऊन त्याने हे बायकोला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा स्वतःच हसला.

बायको स्टुडिओच्या मागच्या बाजूला बसून फोटो कापायची, पाकिटात घालायची, हिशेबाचं बघायची. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. गाडी दिसायला सुरेख होती, हे ती मोकळेपणाने कबूल करायची. लांब नाक, गोल पाठ, बाटलीसारखा हिरवा रंग. दिसण्याच्या बाबतीत त्याची नजर सहसा चुकत नसे. तिलाही त्याने दिसण्यावरूनच पसंत केलं होतं. लग्नानंतर ती बोलायला लागली तेव्हा त्याला जरासा धक्काच बसला होता.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमधे त्याने ही गाडी जुळवली. दारं एका गाडीची, चाकं दुसरीची, बाकी पत्रा ठोकून ठोकून घडवलेला. आणि इंजिन होतं तिच्या वडिलांचं.

तिचे वडील गाडी चालवायला शिकवायचे. अर्धं गाव त्यांच्या गाडीवर गिअर टाकायला शिकलं. कुणी क्लच सोडताना गचका दिला, कुणी कुंपणात घुसवली, कुणी रडलं. ते इंजिन सगळ्यांना पुरून उरलं. लहानपणी ती मागच्या सीटवर बसून पाढे पाठ करायची, आणि पुढून वडिलांचा आवाज यायचा: "गाडी चालू केली की आधी तेलाच्या काट्याकडे बघायचं. रस्ता कुठे पळून जात नाही." वडील गेले, पाठोपाठ गाडीचा पत्रा गंजून खाली आला, पण इंजिन ठणठणीत होतं. त्यांची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू तिच्याकडे उरली होती.

नवऱ्याने ते मागितलं तेव्हा तिने बराच काळ टोलवाटोलवी केली. शेवटी दिलं, पण बजावून. "याला काही झालं ना, तर मी तुमचं तोंड बघणार नाही."

"अगं, माझ्या हातात दिलंयस म्हणजे तिजोरीत ठेवल्यासारखं आहे."

तिजोरीला निदान कुलूप तरी असतं, असं तिच्या मनात आलं होतं. पण तोंडाने ती नेहमीसारखी "बरं" म्हणाली.

शेवटी खरंच सगळं होत आलं आणि घोडं अडलं ते तेलाच्या दाबाच्या मीटरवर. इंजिनात लोखंडावर लोखंड फिरतं. मधे तेलाचा पातळ पापुद्रा असतो म्हणून ते फिरतं. दाब गेला की पापुद्रा गेला, आणि मग मजबूत इंजिनही बघता बघता जाम होऊन बसतं. ते आधी सांगणारा गाडीत एकच, तो काटा. तेव्हा मीटर विचार करून निवडायला हवं होतं, हे शाळेतल्या पोरालाही पटलं असतं.

कारखानदाराने मीटर निवडायच्या आधी भोक पाडलं.

डॅशबोर्ड त्याने गुळगुळीत लाकडाचा केला होता, पॉलिश असं की तोंड दिसावं. त्यात ओळीने पाच भोकं. चार मीटर हातात होती, त्यांची भोकं बरोबर पडली. पाचवं मीटर घेतलेलं नव्हतं, पण ओळ अपुरी दिसत होती. मग त्याने स्वयंपाकघरातून एक वाटी नेली, लाकडावर उपडी ठेवली, कडेने पेन्सिल फिरवली आणि कापून मोकळा झाला. मोजमाप घ्यायचं तर मीटर हवं. मीटर हवं तर दुकानात जायला हवं. दुकानात गेलं की विचारायला लागतं. आणि विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करणं. त्यापेक्षा वाटी बरी. वाटी काही बोलत नाही.

जुन्या भागांच्या दुकानात ती बरोबर गेली. दुकान म्हणजे एक लांबट बोळ. दोन्ही बाजूंना छतापर्यंत हेडलाइट, रेडिएटर, दारांच्या कड्या. दुकानदार काउंटरवर पाय सोडून बसला होता. कारखानदाराने खिशातून रुमालात गुंडाळलेली वाटी काढली आणि अदबीने समोर ठेवली.

दुकानदाराने वाटीकडे बघितलं. मग याच्याकडे. मग तिच्याकडे.

"काय देऊ यात?"

"या मापाचं ऑइल मीटर."

"साहेब, मीटर इंजिनाला लावतात. भोकाला नाही."

"ते मला शिकवू नका. इंजिन कुठलंही असो, दाब तो दाब."

दुकानदाराने खांदे उडवले आणि मागून दोन मीटर आणून ठेवली. पहिलं होतं काळं, मठ्ठ, ठळक आकड्यांचं. त्याच्या पाठीतून तांब्याची बारीक नळी निघत होती. त्यात वायरची, विजेची भानगडच नव्हती. इंजिनातलं तेल स्वतःच नळीतून येऊन काटा ढकलायचं. वडिलांच्या गाडीत असंच होतं. तिने ते लगेच ओळखलं. पण ते वाटीपेक्षा लहान होतं.

"आत पडेल हे," कारखानदार म्हणाला.

"मागून पत्र्याची रिंग लावा की."

"रिंग? म्हणजे ठिगळ? त्या लाकडावर?" पॉलिशची आठवण होऊन त्याचा चेहरा पिळवटला.

दुसरं मीटर कुठल्यातरी मोटारबोटीतलं होतं. हस्तिदंती तबकडी, पितळी कडा, बारीक निळा काटा, खाली छोटासा नांगर कोरलेला. कारखानदाराने ते वाटीवर ठेवलं. तंतोतंत बसलं. त्याने असा श्वास घेतला की जणू हरवलेलं मूल सापडलं.

"हे विजेवर चालतं," दुकानदार म्हणाला. "इंजिनावर एक सेन्सर लागतो, तो वायरीतून मीटरला सांगतो. आणि ही जोडी असते बरं का. या मीटरचा सेन्सर माझ्याकडे नाही. दुसरा लावलात तर तो सांगेल एक आणि हे दाखवेल भलतंच."

"सेन्सर म्हणजे सेन्सर हो."

दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतली चमक बघितली, आणि त्याचं शास्त्र तिथल्या तिथे विरघळलं. डब्यात हात घालून त्याने हाताला लागेल तो सेन्सर काढला. "घ्या. चालेल. चालेल म्हणजे काय, धावेल." आत्ताच तर जोडीचं सांगत होता! तिला दोघांचीही सारखीच किळस आली. एक विकत घ्यायला उतावीळ, दुसरा विकायला. आणि मधे तिच्या बापाचं इंजिन.

"ते काळंही द्या," ती म्हणाली.

"ते कशाला?" कारखानदार चमकला. "गॅसच्या शेगडीला लावणार का?"

"असू दे."

"अगं, त्याचं तोंड तरी बघ. सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्कसारखं."

"हेडक्लार्क निदान खरा आकडा सांगतो," ती म्हणाली आणि मीटर पिशवीत टाकलं.

बोटीचं मीटर बसलं. आता डॅशबोर्ड इतका देखणा दिसत होता की कारखानदाराने त्याचेच डझनभर फोटो काढले. मग तिला हाक मारली. ती ओल्या हाताने आली. त्याने चावी अर्धी फिरवली, दिवे लागले, आणि निळा काटा डौलात उठून तबकडीच्या बरोबर मधे येऊन थांबला.

"बघितलंस?"

"इंजिन चालू केलंत?"

"अजून नाही."

"मग दाब कुठून आला?"

तो क्षणभर थांबला. खोटं बोलताना त्याला कधी वेळ लागत नसे. वेळ लागायचा तो फक्त शब्द शोधायला. "उरलेला असतो," तो म्हणाला.

"मीटर आज बसवलंय. उरलेला कधीचा?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतेस." त्याने इंजिन चालू केलं. काटा मधेच. जोरात पाय दिला. काटा मधेच. "याला म्हणतात दर्जा. हलक्या मीटरचे काटे नाचतात. हा बघ, किती ठाम."

एरवी ती "छान आहे" म्हणून आत गेली असती. संसारभर तिने हेच केलं होतं. फोटोला छान, पत्र्याला छान, रंगाला छान. दिवसाची कटकट वाचायची आणि तिला वाटायचं, आपण किती समजूतदार. त्या निळ्या काट्याकडे बघताना तिला पहिल्यांदाच स्वतःचीही थोडी शिसारी आली. ती "छान" न म्हणताच आत गेली आणि तिने भावाला फोन लावला.

भावाचं गॅरेज होतं. हात बरा होता, पण कण्याच्या जागी रबर. कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असायचं, "बघू." तो आला, ताईने सांगितलं म्हणून काळं मीटर तिच्या बाजूला, डॅशबोर्डखाली, गुडघ्याजवळ लावायला तयार झाला. कारखानदाराने परवानगी दिली ती या अटीवर, की बाहेरून दिसता कामा नये. "तुझ्या ताईचं खेळणं आहे. लाव बाबा."

भाऊ गाडीखाली शिरला. नळी जोडून झाली तरी बराच वेळ बाहेर येईना. तिला फक्त त्याचे बूट दिसत होते.

"काय रे, काय बघतोयस एवढं?"

"काही नाही ताई." बाहेर येऊन त्याने हात पुसले. "भाऊजींनी काम नीटनेटकं केलंय."

"नीटनेटकं नसतं माझं काही," कारखानदार म्हणाला. "कलाकुसर म्हण."

काळ्या मीटरचा काटा इंजिन बंद असताना शून्यावर पडून राहायचा, चालू केलं की उठायचा, इंजिन तापलं की थोडा खाली यायचा. सपाट रस्त्यावर गल्लीत दोन फेऱ्या मारल्या तेव्हा सगळं ठीक होतं. तिला हायसं वाटलं. दोन मीटर दोन आकडे दाखवत होती, पण कारखानदाराच्या मते यात काही अडचण नव्हती. दोघांना दोन मतं असू शकतात.

गावावरच्या माळावर घरी बांधलेल्या गाड्यांचा मेळावा होता. त्याने नवा शर्ट घातला, गॉगल लावला. भाऊ आपली व्हॅन घेऊन मागून येणार होता. रविवारची सकाळ, रस्त्याला चढ लागला. लोक वळून बघत होते आणि कारखानदार त्यांना राजासारखा हात करत होता. ती गुडघ्याजवळ बघत होती.

पहिल्या वळणावर काळा काटा थरथरला. दुसऱ्या वळणावर निम्मा खाली आला.

"अहो, दाब उतरतोय."

"माझा बघ. मधे आहे."

"तुमचा इंजिन बंद असतानाही मधेच असतो."

"आता सुरू नको होऊस. मागून माणसं बघतायत."

चढ आणखी उभा झाला. काळा काटा खाली खाली गेला आणि शून्यावर आडवा झाला. बॉनेटखालून कटकट असा कोरडा आवाज यायला लागला. कारखानदारालाही तो ऐकू आला असणार, कारण त्याने काच खाली करून बाहेरच्या माणसाला जास्तच जोरात हात केला.

"थांबवा."

"अगं, वर पोचू दे. एवढासा तर चढ राहिला."

"थांबवा म्हणते ना!"

"सगळ्यांसमोर? वेड लागलंय का तुला? एका हेडक्लार्कचं ऐकून..."

तिने हात घातला आणि चावी फिरवून काढून घेतली.

गाडी मुकाट झाली. कारखानदाराने घाईघाईने ब्रेक दाबला, गाडी कडेला तिरकी उभी राहिली, मागे हॉर्न वाजायला लागले. तेवढ्यात कुणीतरी वाकून विचारलं, "काय झालं साहेब?" आणि त्याचा चेहरा क्षणात बदलला, जणू स्वतःच स्वतःचा फोटो सुधारून घेतला.

"काही नाही. मुद्दाम थांबवली. चढावर इंजिनाला विसावा द्यायचा असतो. जुन्या लोकांना माहीत आहे."

ती उतरली. मागून भाऊ व्हॅनमधून उतरून आला. त्याने काळ्या काट्याबद्दल ऐकलं, गाडीखाली नुसतं डोकावला आणि उभा राहिला.

"चेंबर कापलंय ना ताई. नाक खाली दिसायला हवं म्हणून इंजिन खाली बसवलं, मग तेलाचं चेंबर जमिनीला लागायला लागलं, म्हणून भाऊजींनी कापून उथळ केलं. चढावर तेल सगळं मागे जातं. पंपाच्या तोंडाला लागतच नाही."

"तुला कधी कळलं हे?"

"नळी लावली तेव्हा."

"आणि तू कलाकुसर बघून बाहेर आलास?"

"भाऊजींना कोण सांगणार?" तो बुटाच्या टोकाने खडा ढकलत म्हणाला. "आणि तूच म्हणायचीस ना, त्यांना दुखवू नकोस म्हणून."

भावाला चार शब्द सुनवायला तिने तोंड उघडलं होतं. ते तिने तसंच मिटलं.

"इंजिन काढून घे," ती म्हणाली. "तुझ्या गॅरेजमधे ने. चेंबर नवीन बसव, उघडून बघ काय शिल्लक आहे ते."

"बघू..."

"बघू नाही. हो म्हण."

"हो."

कारखानदार दोरी घेऊन आला. गाडी ओढून खाली न्यायला म्हणून भावाने व्हॅन वळवायला घेतली, तर हा आडवा आला.

"खाली काय? वर ने! इतकं आलोय तर मेळाव्यात तरी उभी करू. तिथे कुणी बॉनेट उघडून बघत नाही."

भावाने ताईकडे बघितलं. तिला हसू आलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. "ने वर," ती म्हणाली. "चावी माझ्याकडे आहे."

दोरीला बांधलेली ती हिरवी गाडी माळावर पोचली. शेवटच्या वळणाआधी कारखानदाराने दोरी सोडवली आणि दोघा-तिघांना ढकलायला लावून आत आणली, म्हणजे चालवत आणल्यासारखं वाटेल. दुपारभर तो गॉगल लावून गाडीला टेकून उभा होता. लोकांनी फोटो काढले. डॅशबोर्डाची तर फारच तारीफ झाली. एका माणसाने विचारलं, "हे मीटर कुठलं हो? काय शांत काटा आहे!" ती मागे दगडावर बसून डब्यातलं खात होती, तिने उरलेला डबा झाकून टाकला.

दुसऱ्या दिवशी भावाने इंजिन उतरवलं. नवरा आकांडतांडव करील अशी तिची अपेक्षा होती, आणि त्यासाठी तिने सकाळपासून कंबर कसली होती. "तोंड बघणार नाही" हे वाक्यही जवळ होतं, गरज पडली तर म्हणून. पण तो नुसता बाजूला उभा राहिला, आणि इंजिन निघाल्यावर गाडी पुढून थोडी वर उचलली गेली ते बघून म्हणाला, "अरे! आता एकटा माणूस ढकलू शकेल." वडिलांचं इंजिन त्याच्या गाडीतून निघालं, आणि त्याला कळलं ते एवढंच, की वजन कमी झालं. भांडायला सज्ज झालेल्या माणसाला समोर भांडणच मिळालं नाही की त्याची जी गत होते ती तिची झाली.

गॅरेजमधे इंजिन उघडलं. एक-दोन ठिकाणी ओरखडे होते, पण वाचलं होतं. पूर्ण उंचीचं चेंबर बसवून भावाने ते लोखंडी घोडीवर चालू केलं, तेव्हा ती शेजारी स्टुलावर बसून ऐकत राहिली. ओळखीचा आवाज होता. भावाने चहा मागवला, तो तिने गार होऊ दिला.

गाडी आता स्टुडिओत असते. पुढची भिंत काढून आत घेतली, निळ्या पडद्यासमोर तिरकी उभी केली. पोरं तिच्यात बसून फोटो काढून घेतात, नवी जोडपी दारावर कोपर टेकवून उभी राहतात. धंदा इतका कधी चालला नव्हता. कारखानदार म्हणतो, हे सगळं आपल्या डोक्यात आधीपासून होतं. खरंही असेल, त्या डोक्यात काय काय आहे ते शोधायचा नाद तिने सोडला आहे.

परवा एक गृहस्थ नातवाला घेऊन आले. पोराला गाडीत बसवता बसवता त्यांनी विचारलं, "चालते का हो ही?"

"चालायची," कारखानदार कॅमेऱ्यामागून म्हणाला. "झकास चालायची. पण काय आहे, इंजिनात दोष निघाला. सासऱ्यांचं होतं. जुनं झालं होतं हो, किती अपेक्षा करणार?"

पडद्यामागे ती फोटो कापत होती. कात्री थांबली. ती उठली, पडदा बाजूला करून पुढे आली आणि त्या गृहस्थांना म्हणाली, "इंजिन चांगलं आहे. माझ्या भावाच्या गॅरेजमधे चालू आहे. कधीही या, दाखवते."

गृहस्थ एकदा तिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहिले. पोराने हॉर्न दाबला. तो वाजला नाही.

"हनुवटी खाली," कारखानदार म्हणाला. "लाइटकडे बघा."